घडीची होडी

होडी आली तेव्हा कप्तानाला जाऊन महिनाही झाला नव्हता.

ती कुरियरने आली, कचेरीच्या पत्त्यावर, भर जेवणाच्या सुट्टीत. पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार विभागात आम्ही तिघं वर्षानुवर्षं एकाच टेबलावर डबा खात आलो. मी, शंकासुर आणि कप्तान. शंकासुराला शंकासुर म्हणतात, कारण तो पाण्याचा ग्लाससुद्धा उजेडात धरून बघतो आणि मगच पितो. कप्तानाला कप्तान म्हणायचं कारण म्हणजे वाळवंटातली ती नदी. नळाला पाणी नसलेल्या लोकांच्या शिव्या सकाळभर खाऊन झाल्या, की डब्याचं झाकण उघडता उघडता तो नदी उघडायचा. वाळवंटात खोल खोल घळी आहेत, घळींच्या तळाशी नदी आहे. पाठीवर सॅक घ्यायची, सॅकमध्ये घडी केलेली रबरी होडी. चालत जायचं, नदी लागली की होडी फुगवून वल्हवायचं, नदीने सोडलं की होडीची घडी करून पुन्हा चालायचं. रात्री वाळूवर तंबू. असं बरेच दिवस. शंकासुर विंचवांची बाजू मांडायचा, मी शिधा ठरवायचो, कप्तान टेबलावर बोटाने वळणं काढायचा. सुट्टी संपली की आम्ही डबे बंद करून पुन्हा शिव्या खायला बसायचो. यात कुणी कुठे खरोखर जाण्याचा प्रश्नच नव्हता. काही लोक जेवणाच्या सुट्टीत पत्ते खेळतात, आम्ही नदी खेळायचो.

मग एका रविवारी कप्तान दाढी करता करता आरशासमोरच कोसळला. दवाखान्यात आम्ही पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. अर्धा गाल गुळगुळीत, अर्ध्यावर वाळलेला साबण. उरलेली दाढी शंकासुराने केली. कप्तानाला तसाच जाऊ देणं आम्हाला बरं वाटेना. एरवी पेन्सिलला टोक काढतानाही बोट कापून घेणाऱ्या शंकासुराचा हात त्या दिवशी एकदाही हलला नाही.

आणि आता हा कुरियरवाला.

"ज्यांच्या नावावर आहे त्यांनाच देणार," तो म्हणाला. "सही लागते."

"ते नाहीत," मी म्हणालो.

"मग उद्या येतो."

"उद्याही नसतील," शंकासुर म्हणाला.

"परवा?"

शेवटी खरं काय ते सांगावं लागलं. कुरियरवाल्याने टोपी काढली, क्षणभर थांबला, टोपी घातली आणि म्हणाला, "मग घरच्या कुणाला तरी बोलवा. पण सही लागेलच."

म्हणून कप्तानाच्या बायकोला, वहिनींना, फोन करावा लागला. त्या जवळच्याच दवाखान्यात क्ष-किरण विभागात काम करतात. दिवसभर लोकांना 'श्वास घ्या, रोखा, हलू नका' असं सांगायचं, हे त्यांचं काम. त्यामुळे साधं बोलल्या तरी समोरचा माणूस नकळत श्वास रोखतो. पांढऱ्या कोटातच त्या आल्या, सही केली आणि खोक्याकडे बघत राहिल्या.

"काय आहे हे?"

"होडी," शंकासुर म्हणाला.

"कसली होडी?"

"फुगवायची. वहिनी, ते काय आहे, की आम्ही आपलं गंमत म्हणून..." आणि मग मी सगळी नदी उगमापासून सांगितली. दुपारच्या सुट्टीत जी इतकी भव्य वाटायची, ती वहिनींसमोर सांगताना पोरखेळासारखी वाटायला लागली. त्या ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, "म्हणजे तो परवाना याचाच. घरी टपालाने आलाय. मला वाटलं, गाडीचा असेल."

"परवाना?" आम्ही दोघं एकदम म्हणालो.

"तिघांची नावं आहेत त्याच्यावर. तुम्हाला माहीत नाही?"

आम्हाला माहीत नव्हतं. तिघांपैकी एकजण खरंच जायला निघाला होता आणि त्याने उरलेल्या दोघांना कळूही दिलं नव्हतं, हा धक्का मला त्याच्या जाण्याइतकाच जोराचा बसला. मला तर विश्वासघात झाल्यासारखं वाटलं.

वहिनींनी खोक्यावरचं लेबल वाचायला चष्मा लावला. "किती माणसांची आहे?"

मी बघितलं. बघून न बघितल्यासारखं केलं.

"भाऊजी, किती माणसांची?"

"एका," मी म्हणालो.

"बरं," वहिनी म्हणाल्या. चष्मा काढून त्यांनी खिशात ठेवला. "संसाराला वीस वर्षं होऊन गेली. समुद्रावर गेलो तर हा माणूस वाळूत सतरंजी टाकून बूट घालून बसायचा. मला कधी एका शब्दाने बोलला नाही की त्याला नदीत जायचंय." मग खोक्यावर हात ठेवून, "तुमच्या कप्तानाला तिकडे काय दिसत होतं, ते मला बघायचंय. परवान्याची तारीख अजून गेलेली नाही. जाऊ या."

"कोण?" शंकासुराने विचारलं.

"आपण," वहिनी म्हणाल्या. आम्ही दोघांनी श्वास रोखला.

होडी मात्र त्यांना घरात नको होती. ती माझ्याकडे आली. बायकोला सगळं सांगितलं तेव्हा ती कपडे वाळत घालत होती. मला वाटलं, आता ही म्हणेल, वेड लागलंय का? तसं म्हटलं असतं तर फार बरं झालं असतं; मी दुसऱ्या दिवशी तोंड पाडून वहिनींना सांगितलं असतं, घरून परवानगी नाही हो. पण तिने एक टॉवेल झटकला आणि म्हणाली, "जा तुम्ही. त्या एकट्याच निघाल्या तर वाईट दिसेल."

"तू येतेस?"

"मला उंचावर चक्कर येते आणि खोल बघितलं की मळमळतं. घळीत दोन्ही असणार. तुम्हीच जा."

अशा रीतीने माझा शेवटचा आधार दोरीवर टांगला गेला.

होडी फुगवून बघणं भाग होतं. तिला पंप नसतो. एक मोठी पातळ पिशवी असते. ती हवेत उघडायची, तोंड आवळायचं आणि आतली हवा होडीत पिळायची. हे मी दिवाणखान्यात केलं. सुरुवातीला वाटलं, कशाची फुगतेय! मग ती जी फुगली, ती टीपॉयला ढकलून, खुर्च्या भिंतीला लावून, दाराच्या आड जाऊन बसली. मी खिडकीकडे, बायको स्वयंपाकघरात, मध्ये होडी. एवढ्यात दाराची घंटा वाजली. दार आतून उघडेना. बाहेर तळमजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक होते.

"काय चाललंय? छतावर दणके बसताहेत," ते फटीतून म्हणाले.

"होडी फुगवतोय, सर."

दहा मिनिटांत सगळ्या इमारतीला कळलं. माणूस आजारी पडला तर विचारायला कुणी येत नाही. होडी फुगवली तर येतात. मुख्याध्यापक वाळूत पाय बाहेर वळवून कसं चालायचं ते व्हरांड्यात चालून दाखवत होते. समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंनी कुणीतरी वाळवंटात सापाला दोरी समजून कंबरेला बांधल्याची हकिकत सांगितली. वरच्या मजल्यावरचे विमा एजंट होडीला बोट लावून म्हणाले, "स्वखुशीने पाण्यात गेलात तर काही मिळणार नाही हं. कुणी ढकललं तर मिळेल. ढकलणारा आहे का सोबत?"

"एक बाई आहेत," मी म्हणालो, आणि तिथेच चूक झाली.

"कोण बाई?" चारजणांनी एकदम विचारलं. मी सांगायला गेलो तर वाक्य 'म्हणजे तसं नाही' पासूनच सुरू झालं, आणि अशा वाक्याचं पुढे काय होतं ते आपण जाणता. बायकोने होडीपलीकडून डोकं वर काढलं. "त्यांच्या मित्राच्या मिसेस आहेत. मित्र वारले," ती म्हणाली. "आणि यांच्याकडून कुणाला काही धोका असता, तर मला इतक्या वर्षांत कळलं नसतं का?"

सगळे समाधानाने घरी गेले. माझं चारित्र्य स्वच्छ असल्याची ही पावती मला मिळायला हवी होती तशी मिळाली नाही, असं मला आजही वाटतं.

रजेचा अर्ज साहेबांकडे दिला. कारणाच्या रकान्यात खरं तेच लिहिलं : वाळवंटातून नौकानयन. साहेबांनी तो वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. "ही कचेरीची चेष्टा आहे की माझी?" शेवटी 'घरगुती अडचण' असं लिहून दिल्यावर रजा लगेच मंजूर झाली.

खरी गाठ पडली ती परवान्याशी. परवान्यावर गटप्रमुख म्हणून कप्तानाचं नाव होतं. ते बदलून वहिनींचं नाव घालायचं, म्हणून आम्ही तिघं घळ संरक्षण कचेरीत गेलो. खिडकीपलीकडे माझ्याच वयाचा एक कारकून बसला होता. त्याचं टेबल, त्याचा कप, कपावरची बशी, सगळं माझ्यासारखं. मला एकदम माहेरी आल्यासारखं झालं.

"गटप्रमुख बदलायचा तर मूळ गटप्रमुखाच्या सहीचा अर्ज लागेल," तो म्हणाला.

"ते वारले."

"अरेरे. आधी अर्ज देऊन ठेवला होता का त्यांनी?"

"मरायच्या आधी?"

"हो."

"नाही. त्यांना कल्पना नव्हती."

"मग परवाना रद्द करावा लागेल. पण रद्द करायलाही गटप्रमुखाचीच सही लागते."

बाकी कुणी असतं तर भडकलं असतं. मला मात्र त्याचं मनातून कौतुक वाटलं. लोकांना मी रोज हेच सांगतो, फक्त 'अरेरे' म्हणत नाही. मी उठायच्या तयारीत होतो. मनात म्हटलं, सुटलो. कप्ताना, तुझ्या सहीशिवाय जग अडलंय रे, आम्ही तरी काय करणार! तेवढ्यात वहिनी खिडकीशी वाकल्या.

"म्हणजे परवाना रद्द होऊ शकत नाही?"

"नाही."

"म्हणजे तो चालू आहे."

कारकून थांबला. असा विचार त्याने आजवर केला नसावा. "तसा... चालू आहे."

"आणि गटप्रमुख जाऊ शकले नाहीत तर बाकीचे जाऊ शकतात?"

"उपप्रमुखाच्या जबाबदारीवर. उपप्रमुखाच्या सहीने एक सभासदही वाढवता येतो." त्याने कागद फिरवला. उपप्रमुख म्हणून माझं नाव होतं. शिवाय कप्तानाने तिघांच्याही नावांपुढे लिहिलं होतं, 'उत्तम पोहता येतं'. मला तोंड धुताना डोळे मिटावे लागतात.

मी सही केली. काय करणार! दोघंही माझ्याकडे बघत होते, आणि मेलेल्या माणसाने एवढ्या विश्वासाने मला उपप्रमुख केलेलं. जिवंतपणी त्याने मला साधं चहा सांगायलाही कधी पाठवलं नव्हतं.

कारकुनाने मग कपाटातून तीन चंदेरी पिशव्या काढून आमच्यापुढे मांडल्या. घळीत काहीही मागे ठेवायचं नाही, असा नियम आहे. काहीही म्हणजे काहीही. माणसाने जे काही केलं असेल ते या पिशवीत भरून पाठीवरून परत आणायचं. "वजन करतात का?" शंकासुराने विचारलं. कारकुनाने शांतपणे सांगितलं, की पिशवी रिकामी आणली तर चौकशी होते.

मग पोहणं. मोठ्यांच्या शिकवणीला नाव घातलं. शिट्टी वाजवणाऱ्या एक शिक्षिका होत्या. पहिल्या दिवशी मी कठडा सोडला नाही. दुसऱ्या दिवशी सोडला आणि तळ बघून आलो. तळाला निळ्या फरशा आहेत. तिसऱ्या दिवशी शंकासुर पाण्यात उतरायच्या आधी पाणी कधी बदललं याची चौकशी करत होता आणि मी नाकातोंडातून पाणी काढत होतो, एवढ्यात पलीकडच्या टोकाकडून कुणीतरी आलं. आलं म्हणजे पाण्याखालून आलं. आवाज नाही, फेस नाही. आमच्या पायांपाशी डोकं वर निघालं ते वहिनींचं.

शिक्षिकेची शिट्टी तोंडातच राहिली. "कुठे शिकलात?"

"घरामागे तळं होतं. शाळेत असताना लांब अंतराच्या स्पर्धांना जायचे." त्यांनी केस पिळले. "लग्न झाल्यावर सुटलं."

"कप्तानाला माहीत होतं?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"विचारलं कुठे कधी?" वहिनी म्हणाल्या. "आणि मीही सांगितलं नाही. तो पाण्याला भितो असं वाटायचं मला. समुद्रावर गेलो की त्याच्यासाठी म्हणून मीसुद्धा सतरंजीवरच बसायचे."

शंकासुर चौकशी अर्धवट टाकून पाण्यात उतरला. त्यानंतर आम्हाला शिकवलं ते वहिनींनीच. "श्वास घ्या. रोखा. आता हलू नका, भाऊजी, पाणी तुम्हाला उचलतं की नाही बघा." आणि खरंच, पाण्याने मला उचललं. पोहणं म्हणता येणार नाही, पण बुडायला मला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागू लागला.

तशाच आणखी दोन होड्या भाड्याने घेतल्या आणि आम्ही निघालो.

पठारावर बसने सोडलं तिथे एका चौकीत पहारेकऱ्याने परवाना बघितला आणि सूचना सांगितल्या. मुख्य सूचना अशी, की डोक्यावर ढग नसला म्हणून निश्चिंत राहू नका. पाऊस लांब कुठेतरी पडतो आणि पाणी इथे येतं. जेवायलासुद्धा थांबलात तर होड्या वर बांधा. मी मान हलवत होतो, पण माझं सगळं लक्ष सॅकच्या पट्ट्याकडे होतं. तो खांद्यात असा रुतला होता, की माझे दोन भाग होऊन वरचा भाग आपोआप घरी जाईल असं वाटत होतं.

घळीत उतरणं म्हणजे लाल दगडाच्या भिंतीवरून, पाऊल मावेल एवढ्या वाटेने, दुपारभर गुडघ्यांनी उतरणं. वाकून बघितलं तर भिंतीला चिकटून बसावंसं वाटायचं, न बघितलं तर पाय घसरायचा. बायको किती शहाणी आहे हे मला वळणावळणाला पटत गेलं. खाली पोचलो तेव्हा तिघांनीही आधी सॅक टाकल्या. आणि समोर नदी होती. म्हणजे ती नदी असणार, कारण नकाशात तसं लिहिलं होतं. घोट्याएवढं, चहाच्या रंगाचं पाणी दगडांमधून वाट काढत चाललं होतं.

"ही?" शंकासुर म्हणाला. "यासाठी?"

आम्ही होड्या फुगवल्या. बसलो की होडी तळाला टेकायची. उतरलो की तरंगायची. म्हणून आम्ही त्यांना दोरी बांधून ओढत चालू लागलो. तीन प्रौढ माणसं लाइफ जॅकेटं घालून वाळवंटातून होड्या फिरवायला निघालेली. घळीच्या भिंती इतक्या उंच होत्या, की आभाळ दोरीएवढं दिसत होतं. आपण इथे मेलो तर कुणाला कळायला किती दिवस लागतील, असं मी मनात म्हणत होतो. शंकासुर तेच मोठ्याने म्हणत होता.

संध्याकाळी वाळूवर तंबू लावले. भिंतींवरचा उजेड वर वर सरकत गेला आणि खाली गारठा आला. वहिनी पाण्याकडे तोंड करून बसल्या होत्या.

"भाऊजी, डब्याच्या वेळी माझ्याबद्दल काय बोलायचे तुमचे कप्तान?"

हा प्रश्न येणार हे मला खोकं आलं त्या दिवसापासून ठाऊक होतं. उत्तरही तयार होतं. चांगलं होतं, बसमध्ये मनातल्या मनात घोकलंही होतं. "सारखं तुमचंच कौतुक..." मी सुरुवात केली.

"खोटं नको. तुम्हाला जमत नाही."

मी शंकासुराकडे बघितलं. तो चुलीशी चाळा करत होता.

"काही नाही बोलायचा, वहिनी," मी म्हणालो. "आम्ही कुणीच घरचं काही बोलायचो नाही. बायका नाहीत, आजारपणं नाहीत, साहेब नाही. नदी, नुसती नदी. त्यात तो तुम्हाला वगळत होता असं नव्हतं. तो स्वतःलाही त्यातून वगळतच होता. नदीतला कप्तान वेगळाच होता. मोठ्याने हसायचा."

"हसायचा?"

"खूप."

वहिनींनी हातातली वाळू पाण्याकडे झटकली. मग म्हणाल्या, "घरी हसायचा नाही फारसा." आणि तंबूत निघून गेल्या. बरं केलं की वाईट केलं, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आत्ताही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी एका बाजूच्या घळीतून झरा येऊन मिळाला आणि नदी खरोखरीची नदी झाली. कमरेएवढी, मग छातीएवढी. आम्ही होड्यांत बसलो. वल्हं पाण्यात घातलं आणि होडी सरकली, आपोआप, आवाज न करता. लाल भिंती दोन्ही बाजूंनी मागे जाऊ लागल्या. एवढ्या वर्षांत टेबलावर बोटाने काढलेली वळणं एकेक करून समोर येत होती आणि त्यातलं एकही तसं नव्हतं. सगळी मोठी होती. शंकासुराच्या तोंडून चक्क एक गाणं निघालं. वहिनी कप्तानाच्या होडीत सगळ्यांत पुढे होत्या. एकदा त्यांनी मागे वळून बघितलं. त्या हसत होत्या.

दुपारी जेवायला एका वाळूच्या पट्ट्यावर थांबलो. माझी आणि शंकासुराची होडी आम्ही वर कातळाच्या कपारीत नेऊन बांधली. वहिनी शेवटी उतरत होत्या. एका हातात होडीची दोरी, दुसऱ्या हातात वल्हं. मी पाण्याच्या कडेशी भांडं विसळत होतो. आभाळ निरभ्र होतं. भांड्यातलं पाणी एकाएकी गढूळ झालं. मग त्यात काटक्या आल्या. मग कुठूनसा, जड सामान ओढत न्यावं तसा आवाज.

"वर!" वहिनी ओरडल्या. "भाऊजी, वर चढा!"

शंकासुर हाताला लागल्या त्या सॅक उचलून कपारीकडे धावला. मी भांडं उचलायला वाकलो. भांडं! आयुष्यात कधी भांडी न घासलेला माणूस त्या क्षणी एका भांड्यासाठी वाकला. पायाखालची वाळू निघून गेली आणि मी छातीपर्यंत, मग गळ्यापर्यंत गेलो. ते पाणी नव्हतं, धावता चिखल होता. लाकडं अंगावर आपटत होती. लाइफ जॅकेट जेवणासाठी काढून ठेवलेलं. मला वाटलं, संपलं. बायकोचा चेहरा वगैरे काही दिसला नाही. फक्त वाटलं, हे फार गार आहे.

वहिनी तोवर वर पोचून कपारीच्या कडेला गुडघ्यावर होत्या. होडी पाण्यावर उड्या मारत होती आणि दोरीला हिसके बसत होते. त्यांनी एकदा होडीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग दोरी सोडली आणि दोन्ही हातांनी वल्हं माझ्यापुढे धरलं.

"धरा! श्वास रोखा!"

मी धरलं. मागून शंकासुराने त्यांच्या कमरेला मिठी मारली आणि दोघांनी मिळून मला ओढून कातळावर घेतलं. मी पालथा पडून चिखल ओकत होतो. शंकासुर माझ्या पाठीवर थापट्या मारत होता आणि 'आहेस ना रे, आहेस ना' असं विचारत होता. आपण आहोत याची मला स्वतःलाही खात्री नव्हती.

मान वर केली तेव्हा होडी प्रवाहाच्या मध्यावर होती. उलटली नव्हती. केशरी, रिकामी, अगदी सरळ. मोठमोठी झाडं गरगर फिरत चालली होती आणि त्यांच्यामधून ती डौलात वाट काढत निघाली होती. वळणाशी ती क्षणभर अडखळली, भिंतीला अंग घासलं, तोंड वळवलं आणि दिसेनाशी झाली.

तिघंही बघत राहिलो. वहिनींच्या हातात अजून वल्हं होतं. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, मग वळणाकडे.

"वल्हं विसरला हा," त्या म्हणाल्या.

अगदी साध्या आवाजात म्हणाल्या. जिना उतरून गेलेल्या माणसाला हाक मारावी की नको, अशा आवाजात. मग त्यांनी वल्हं छातीशी धरलं, त्याच्यावर कपाळ टेकलं आणि रडायला लागल्या. दवाखान्यात नाही, घरी नाही, कचेरीत नाही. मी त्यांना रडताना पहिल्यांदा बघितलं ते तिथे, हातभर रुंद कातळावर, खाली नदी गर्जत असताना. शंकासुर त्यांच्या एका बाजूला सरकून बसला, मी दुसऱ्या. आम्ही दोघंही रडत होतो, हे मला नंतर कळलं. सगळ्यांचीच तोंडं चिखलाची होती.

पाणी उतरायला दुसरी सकाळ उजाडली. वहिनींनी उठून तोंड पुसलं आणि उरलेल्या दोन होड्यांतली हवा सोडायला बसल्या. तीन माणसं आणि दोन होड्या; पुढची वाट पायीच होती.